ते कळलं, पण किती?

दहावीच्या निकालाच्या दिवशी संध्याकाळी आमच्या गॅलरीत एकच प्रश्न दोनदा विचारला गेला आणि तो अजून माझ्या डोक्यातून जात नाही. शेजारचा दादू (हे त्याचं घरातलं नाव, शाळेतलं मुद्दाम लिहीत नाही) पेढ्यांचा डबा घेऊन दारोदार फिरत होता. डबा स्टीलचा, रोजच्या वापरातला. मिठाईवाल्याचा खोका घरीच ठेवून आईने पेढे अर्धे अर्धे करून त्यात भरले होते, चाळ मोठी ना. टोकाच्या खोलीतले अण्णा खुर्ची टाकून बसले होते. दादूने डबा पुढे केला, म्हणाला, "पास झालो." अण्णांनी अर्धा पेढा उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "किती?" दादू म्हणाला, "पास झालो अण्णा." "ते कळलं. पण किती?" पोरगा कठड्याकडे वळला. तिथे कुणाचा तरी टॉवेल वाळत होता, त्याच्या दशा बोटाने सरळ करत त्याने सत्तेचाळीस असं काहीतरी पुटपुटलं. अण्णा "हं" म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. अण्णा माणूस वाईट नाही. चाळीतल्या निम्म्या पोरांना त्यांनीच सायकल शिकवली आहे, पडलं की गुडघ्याला हळद लावली आहे. त्यामुळेच तो "हं" मला जास्त लागला असावा.

आपल्याकडे पगार विचारताना माणूस आवाज खाली आणतो, आजारपण आडून आडून विचारतो, पण दहावीचे मार्क जिन्यात, भाजीच्या गाडीवर, लग्नाच्या पंगतीत कुणीही कुणालाही विचारावेत. नव्वद असले तर विचारायचीही गरज पडत नाही. गल्लीच्या तोंडाशी फोटोसकट बॅनर लागतो आणि खाली शुभेच्छुकांची दाटी. २०२५चा तो निकाल १३ मे रोजी लागला, राज्यात ९४.१० टक्के मुलं पास झाली. शंभरातली चौऱ्याण्णव पास होतात तिथे नुसतं 'पास झालो' याला बातमी कोण म्हणणार? अण्णांच्या बाजूने एवढं बोलायला हवं.

दादूचे मार्क मी नंतर नीट पाहिले. मराठी ५८, हिंदी ४७, इंग्रजी ३९, गणित ३५, विज्ञान ४०, सामाजिक शास्त्रं ५३. सहा विषयांचे २७२. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये, म्हणजे सहातले चांगले पाच विषय धरतात त्यात, गणित गळलं, ५०० पैकी २३७ झाले आणि ४५.३३ चे ४७.४० झाले. हा नियम २०१० साली आला तेव्हा केवढी कोर्टबाजी झाली होती. उच्च न्यायालयाने रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने परत उभा केला. आम्ही ऑफिसात चहा पिता पिता दोन्ही बाजूंनी भरपूर मतं दिली होती, कारण आमच्यातल्या कुणाचंच मूल काठावर नव्हतं. गणिताच्या त्या ३५ मध्ये शाळेने दिलेले अंतर्गत सतरा-अठरा असणार, ते सगळ्यांनाच हात सैल सोडून देतात. म्हणजे तीन महिने रोज रात्री लाइटखाली बसून पोराने लेखी ८० पैकी सतरा-अठरा कमावले. अंतर्गत मार्कांची ताकद काय असते ते एका वर्षी सगळ्यांनी पाहिलं आहे. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे ते २० मार्क काढून टाकले आणि राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते परत दिले, निकाल ९५.३०. पोरं एका वर्षात तेवढी हुशार झाली नव्हती.

गंमत म्हणजे बोर्डाच्या हिशेबात ४७.४० ही आजही द्वितीय श्रेणी आहे. ४५ च्या वर, ६० च्या खाली. सेकंड क्लास.

माझे मामा गिरणीत होते. दिवसा साच्यावर, म्हणजे मागावर, रात्री रात्रशाळेत. एसएससी झाले तेव्हा ते सेकंड क्लासमध्ये आले आणि आजोबांनी म्हणे सगळ्या मजल्यांवर अख्खे पेढे वाटले. पुढे खात्यातून उचलून त्यांना टाइमकीपरच्या ऑफिसात बसवलं, अंगावरचा कापूस गेला आणि शर्टाच्या खिशात पेन आलं. लग्नाच्या पत्रिकेत त्यांच्या नावापुढे एस. एस. सी. छापलं होतं, ती पत्रिका आईच्या ट्रंकेत कितीतरी वर्षं होती. १९८२च्या संपात ते ऑफिसही गेलं आणि पेनाचा काही उपयोग राहिला नाही, पण तो वेगळा विषय. मला एवढंच वाटत राहिलं की तीच श्रेणी, तीच लालबागची चाळ, जवळजवळ त्याच वयाचा मुलगा, आणि एकाला ऑफिसात खुर्ची मिळाली, दुसऱ्याला "हं".

दादूची आई दोन दिवसांनी पदराला हात पुसत दारात उभी राहिली. ती पोळी-भाजीचे डबे देते, त्यामुळे दुपारी तीन ते साडेचार एवढाच वेळ तिचा स्वतःचा असतो. म्हणाली, "वहिनी, तुम्ही ऑफिसात कॉम्प्युटरवर असता. ह्याचा तेवढा फॉर्म भरून द्याल का?" 'तेवढा' म्हणाली. मलाही तेव्हा तेवढाच वाटला. तिचा नवरा बेस्टमध्ये कंडक्टर. त्याच महिन्यात, ९ मेपासून, बसचं किमान भाडं पाचाचं दहा झालं होतं आणि तो दिवसभर पाचाच्या नाण्यावर भांडणाऱ्या लोकांना तोंड देऊन रात्री घसा बसवून घरी यायचा. त्याच्याकडून फॉर्म-बिर्म होण्यातलं नव्हतं.

आमच्या वेळी अकरावीचा फॉर्म म्हणजे कागद होता. प्रत्येक कॉलेजात जायचं, खिडकीवर पैसे देऊन फॉर्म घ्यायचा, पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत नेऊन द्यायचा. मग लिस्ट लागायची. जाळीच्या बोर्डात टाचलेली, टायपाची, खाली प्राचार्यांची सही. तिच्यासमोर माणसांचा एवढा गठ्ठा की पुढचा मोठ्याने नंबर वाचून मागच्यांना सांगायचा. पहिल्या लिस्टमध्ये नाव नाही आलं की दुसरी, तिसरी, आणि तिसरीतही नाही आलं की मग कुणाचे तरी काका कुणाला तरी ओळखत असायचे. पक्षाच्या शाखेतून चिठ्ठी मिळायची. संस्थेच्या ट्रस्टींकडे सकाळी आठ वाजता जाऊन बसायचं, ते पूजा आटोपून बाहेर यायचे, पोराकडे बघून "अभ्यास कर आता तरी" म्हणायचे आणि काम व्हायचं. किंवा व्हायचं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीला असा प्रवेश मिळाला होता, तिच्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी पाया पडून.

२००९ पासून मुंबईत हे सगळं ऑनलाइन झालं, आणि २०२५ मध्ये पहिल्यांदा अख्ख्या राज्यासाठी एकच प्रक्रिया. चांगलंच झालं असं मी कुठेही म्हणेन. शंभर रुपये भरायचे, घरबसल्या दहा कॉलेजांची नावं पसंतीक्रमाने द्यायची, मार्कांप्रमाणे नंबर लागतो, कुणाच्या पाया पडायला नको. पण ज्याच्याकडे ४७.४० आहेत त्याच्या बाजूने पाहिलं तर वशिल्याबरोबर दयेचीही खिडकी बंद झाली. आता समोर कुणी माणूसच नाही ज्याला सांगावं की साहेब, ह्याच्या आईला परीक्षेच्या आधी डेंग्यू झाला होता, डबे हाच देत होता. साइटवर त्यासाठी रकाना नाही. असावा का? असावा असं म्हटलं की उद्या प्रत्येकाची आई आजारी पडेल. नसावा असं म्हटलं की दादू समोर बसलेला असतो.

आणि फॉर्म 'तेवढा' नव्हता. नव्वदवाल्या मुलाच्या घरी तो फॉर्म वाचायला आई असते, बाबा असतात, आधी ह्यातून गेलेली मोठी बहीण असते, क्लासचे सर असतात. चूक झाली तर त्याला दोन स्टेशनं लांबचं कॉलेज मिळतं, एवढंच. सत्तेचाळीसवाल्याची एक ओळ चुकली तर नको तो विषय, न झेपणारी फी, नाहीतर पावसाळाभर घरी बसणं. वाचणारं माणूस ज्याला सगळ्यात जास्त हवं त्याच्याच घरी ते नसतं. त्याऐवजी त्याच्याकडे काय येतं? प्रेरणा. त्या महिन्यात दादूला भेटणाऱ्या प्रत्येकाने नापास होऊन मोठ्या झालेल्या कुणा ना कुणा माणसाची गोष्ट सांगितली. क्रिकेटपटू, उद्योगपती, एक अभिनेता. पोरगा मान डोलवायचा. माझ्या मावसदिराने तर तासभर घेतला, आणि जाताना 'मार्कांना काही अर्थ नसतो' म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली. मावसदिराचा स्वतःचा मुलगा दादरला ज्या क्लासला जातो तिथे ऐंशीच्या खाली प्रवेश नाही.

प्रेरणा नको असते असं नाही, पण तिच्याने ड्रॉपडाउन उघडत नाही.

उघडल्यावर जे दिसलं ते असं. प्रत्येक कॉलेजापुढे शाखा, माध्यम आणि तुकडी. अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित. नाव एकच, इमारत एकच, पण तुकडी बदलली की फी काही शे रुपयांवरून कित्येक हजारांवर जाते. दादूच्या मित्राने आदल्या वर्षी नाव बघून कॉलेज भरलं होतं. नंबर लागला, पेढेही वाटले, आणि फी भरायला गेल्यावर बापाने कपाळाला हात लावला. मग कोटे. इनहाऊसच्या, म्हणजे कॉलेजच्याच शाळेतल्या मुलांच्या, १० टक्के जागा, पण दादू महापालिकेच्या शाळेतला, त्या शाळेला कॉलेजच नाही. व्यवस्थापनाच्या ५ टक्के, त्या आपल्यासाठी नसतात. अल्पसंख्याक संस्थांत निम्म्या जागा त्या त्या समाजाच्या. जातीचा दाखला त्याच्या वडिलांनी काढायचा ठरवला होता, पण आजोबांचा शाळेचा कागद गावच्या घराबरोबर पावसात गेला आणि ते राहूनच गेलं, म्हणून हा ओपनमध्ये. चित्रकलेची एलिमेंटरी त्याने दिली होती, इंटरमिजिएट दिली नाही, त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. ती दिली असती तर ग्रेडप्रमाणे तीन, पाच किंवा सात मार्क दहावीत वाढले असते. नव्वदच्या वर असे तीन मार्क शोभेचे असतात, पण पन्नासच्या खाली तेवढ्याने कॉलेज बदलतं. आणि ही सवलत असते हे त्याला फॉर्म भरताना माझ्याकडून कळलं.

आयटीआयचं सांगायचं राहिलं. ह्या विषयावर चाळीचं एकमत होतं. अण्णा म्हणाले आयटीआय, खालचा वाणी म्हणाला आयटीआय, माझा नवराही जेवताना म्हणाला, "हाताला काम हवं. फिटर व्हावं, इलेक्ट्रिशियन व्हावं, मग रेल्वेत अप्रेंटिस." सगळं बरोबर आहे. मुलुंडला आयटीआय आहे, कुर्ल्याला आहे, दोन वर्षांचा ट्रेड केला तर पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मी स्वतः ह्याच मताची होते, अजूनही आहे. पण आमच्या मुलीला दहावीत ७१ टक्के पडले तेव्हा आमच्या घरात आयटीआय हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. तिला त्या वर्षी सायन्स झेपणार नाही हे आम्हा दोघांना दिसत होतं, तरी कॉलेजचाच फॉर्म भरला. आयटीआय छान असतं हे आपण कायम दुसऱ्याच्या मुलाला सांगतो. शिवाय सांगणाऱ्यांपैकी एकानेही अप्रेंटिसची जाहिरात वाचलेली नव्हती. मध्य काय, पश्चिम काय, रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत आयटीआयबरोबर दहावीला किमान ५० टक्क्यांची अट असते. मी ती ओळ नवऱ्याला मोबाइलवर दाखवली. त्याने चष्मा काढून वाचली, परत लावून वाचली आणि म्हणाला, "मग प्रायव्हेटमध्ये."

शेवटी दादूलाच विचारलं. तोपर्यंत त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. तो म्हणाला कॉमर्स. मी म्हटलं आर्ट्स का नको, मराठी तुझं बरं आहे, ५८ आहेत, आर्ट्सला मराठी माध्यम मिळेल, कॉमर्स सगळं इंग्रजीतून, तुझे इंग्रजीत ३९. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काकू, आर्ट्स घेतलं की लोक विचारतात का घेतलं. कॉमर्सला कोण काय विचारत नाही." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे म्हणाला, कॉलेज सकाळचं हवं, दुपारी सुटणारं. का, तर कारखान्यात जायचंय.

आमच्याकडे कारखाना म्हणजे गणपतीचा. लालबाग-परळमध्ये जूनपासून कुठल्याही मंडपाचा पडदा बाजूला केला की आत पांढऱ्या मूर्तींची रांग दिसते, ओल्या प्लास्टरचा वास येतो आणि टेबलफॅन भुकटी उडवत असतो. त्या वर्षी पीओपीवरच्या बंदीमुळे मे महिनाभर सगळे हात बांधून बसले होते. ९ जूनला उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला परवानगी दिली आणि २७ ऑगस्टला गणपती. तीन महिन्यांचं काम अडीचवर आलं, ज्याला हात आहेत त्याला कामावर घेत होते. दादू घासकामाला लागला. साच्यातून निघालेल्या मूर्तीचा जोड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचा. हे वाचून कुणाला वाटेल की आता पोरात दडलेला कलाकार निघणार, तर तसं काही नाही. त्याला डोळे आखता येत नाहीत, शिकायचीही हौस नाही. त्याला रोज संध्याकाळी मिळणारे पैसे आवडतात, आणि तिथे कुणी मार्क विचारत नाही. फॉर्म भरायला यायचा तेव्हा पापण्यांवर, कानाच्या पाळ्यांवर, मनगटाच्या केसांवर पांढरी भुकटी असायची. माझ्या लॅपटॉपच्या बटणांच्या फटीत ती अजून आहे.

दहा कॉलेजांच्या त्या यादीला आम्ही बसलो ती दुपार माझ्या चांगली लक्षात आहे. कालनिर्णयचं मे महिन्याचं पान उलटं करून त्यावर रेघा मारल्या. एका रकान्यात आदल्या वर्षीचा कटऑफ, एकात घरून लागणारा वेळ, एकात तुकडीचा प्रकार, एकात त्या कॉलेजला पुढे डिग्री आहे की नाही. हा शेवटचा रकाना माझा हट्ट. डिग्री असेल तर बारावीनंतर त्याच संस्थेत एफवायला, डिग्रीच्या पहिल्या वर्षाला, जाताना घरच्या मुलाला प्राधान्य मिळतं, आणि तेव्हा दहावीचे मार्क कुणी बघत नाही. नियम त्याने मोठ्याने वाचायचा आणि मी ऐकायचं असं ठरवलं. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर नियमित फेऱ्यांतून बाहेर. दुसऱ्या ते दहाव्यातलं लागलं तर थांबता येतं. हे त्याने तीनदा वाचलं. मग म्हणाला, "म्हणजे एक नंबरला मजा करायची नाही." त्याने खरोखर एक नंबरला रुपारेल लिहिलं होतं, मित्र तिथे जाणार म्हणून. मी म्हटलं, लागलं तर जाशील का? जाईन म्हणाला. मग राहू दे. ते लागणार नव्हतंच, पण दहापैकी एक जागा तरी त्याच्या मनाची असायला काय हरकत होती. रुईयाच्या आर्ट्सला नव्वद पुरत नाहीत अशी वर्षं असतात हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "तिकडे बघत पण नाही मी, फूटपाथ बदलतो."

खरा फॉर्म भरायच्या वेळी पासवर्ड सापडेना. शाळेतल्या बाईंनी तो हॉल तिकिटाच्या मागे लिहून दिला होता, पण शेवटचं अक्षर घामाने पुसलेलं. नवीन घ्यायचा तर मेसेज जाणार वडिलांच्या मोबाइलवर आणि वडील गाडीवर. फोन लावला, उचलला नाही. परत लावला. वीसेक मिनिटांनी त्यांचाच आला, मागे इंजिनाची घरघर आणि कुणीतरी सुट्ट्यांवरून बोलत होतं. "स्टॉपला आहे, लवकर बोल." दादू म्हणाला, आकडे आलेत ते सांगा. वडिलांनी तिकिटाचे पैसे मोजावेत तसे एकेक आकडा जोरात सांगितला, आणि शेवटी विचारलं, "बरोबर आहे ना? काकूंना विचार बरोबर आहे ना." मग घंटी वाजली आणि फोन कटला.

पहिल्या फेरीत काहीच लागलं नाही. त्या दिवशी चाळीत सगळीकडे मोबाइल उघडून बसलेले लोक होते आणि दादूने कारखान्यातून घरी यायचंच टाळलं. एका एजंटाचा फोन आला, नंबर कुठून मिळाला देव जाणे, पंचवीस हजारांत काम करून देतो म्हणाला. दादूच्या आईने मला न सांगता सोनाराकडे चौकशी केली होती हे नंतर कळलं. मी तिला कालनिर्णयचं ते पान दाखवलं. राज्यात त्या वर्षी साडेचौदा लाख मुलं पास झाली होती आणि अकरावीच्या जागा वीस लाखांच्या वर होत्या. जागा कमी नाहीत हो, म्हटलं, जवळच्या, स्वस्त आणि बऱ्या जागा कमी आहेत. आपण त्यातली बघतोय. तिला ते कितपत पटलं माहीत नाही. ती म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून," आणि मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्याच्या पोराचं वर्ष आपल्या हातात आहे असं वाटलं की आपलं ज्ञान एकदम पातळ दिसायला लागतं. मी उठून परत सगळे कटऑफ तपासले.

पुढच्या फेरीत सहाव्या नंबरचं लागलं. हार्बर लाइनवरचं, अनुदानित तुकडी, सकाळी सव्वासातचं, पुढे डिग्री असलेलं. नाव सांगितलं तर बहुतेकांना ते कुठे आहे हेही आठवत नाही. अण्णांनी विचारलं, "कुठे मिळालं?" दादूने नाव सांगितलं. अण्णा म्हणाले, "असं कॉलेज आहे?" मग स्वतःच म्हणाले, "असेल. मुंबई काय कमी मोठी आहे." मला अण्णांचं हे वाक्य आवडलं.

प्रवेश घ्यायला त्याची आई गेली होती, डब्यांची सुट्टी टाकून. इस्त्रीची साडी, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एलसी, मार्कशीट, आधार, फोटो, सगळ्यांच्या तीन तीन झेरॉक्स. खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळले, शिक्का मारला आणि मार्कशीटकडे फार पाहिलंही नाही. दादूची आई घरी येऊन हेच सांगत होती, परत परत. "काही बोलल्या नाहीत त्या. काहीच बोलल्या नाहीत." गणिताच्या जागी एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, घेतलं. रेल्वेचा कन्सेशन फॉर्म मिळाला.

आता तो बारावीला आहे. अकरावीत बीके, म्हणजे हिशेब लिहायचा विषय, त्याला जड गेलं. डेबिट कुठलं आणि क्रेडिट कुठलं ह्यावर तो अजून अडतो, जर्नल एंट्री घेऊन माझ्याकडे येतो, आणि मलाही कॉलेज सुटून तीस वर्षं झाल्यामुळे आम्ही दोघे मिळून चुकतो. ओसीचं, म्हणजे वाणिज्य संघटनाचं, पुस्तक इंग्रजीत आहे, तो एकेका शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहितो, आणि पान इतकं भरतं की मूळचं वाचता येत नाही. वर्गातली निम्मी मुलं त्याच्यासारखीच असल्याने लाज वाटत नाही म्हणतो. हजेरी बरी आहे. गणपतीच्या आधी मात्र नसते.

सध्या त्यांच्या घरात क्लासवरून वाद चालू आहे. वडिलांना अकाउंट्सचा क्लास लावायचा आहे, फी अठरा हजार. आई म्हणते हप्त्यांनी भरू. दादू म्हणतो तेवढ्यात सेकंडहँड स्कूटी येते, कारखान्याच्या डिलिव्हऱ्या करेन, महिन्याला सुटतील. परवा तिघंही माझ्याकडे आले, म्हणजे निवाडा मागायला. मी दादूला विचारलं, कॉलेजात सर शनिवारी जादा लेक्चर घेतात का? तो म्हणाला, घेत असतील. घेत असतील म्हणजे? म्हणाला, नोटीस लागलीय म्हणे. मी म्हटलं, मग आधी ती वाचून ये, फुकट असेल तर क्लास कशाला, आणि नसेल तर स्कूटीचं बोलू.

ह्याला चार दिवस झाले. अजून वाचलेली नाही.